ओतिलियाच्या घरावरचा धूर

आमच्या खोऱ्यात सेलेदोनियो चिग्वायचं नाव निघालं की लोक आधी हसतात आणि मग गप्प होतात. हसतात, कारण माणूसच तसा. वय एकसष्ट, अंगानं बुटका, पायांनी फेंगडा, आणि डोक्यावर एक लोकरीची टोपी, जी तो झोपतानाही काढत नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा ती टोपी आहे, आणि रोसाल्बा, त्याची बायको, त्या फोटोकडे बघून अजूनही कपाळाला हात लावते. पाठीवर भल्यामोठ्या पिशव्या घेऊन आमचं जंगल तुडवायला जी परदेशी पोरं येतात, त्यांना होडीतून पार्दो नदीपलीकडे न्यायचं, त्यांचं सामान घोड्यांवर लादून वर आलेर्से वृक्षांच्या राईत पोचवायचं, आणि वाटभर त्यांच्या बुटांना नावं ठेवायची, हा त्याचा धंदा. "एवढे भारी बूट," तो म्हणायचा, "आणि चिखल दिसला की कडेकडेनं चालतात. मग आणलेत कशाला, चर्चमध्ये मांडायला?"

गप्प का होतात, ते सांगतो. पण त्यासाठी आधी धुराचं सांगायला हवं.

आमच्याकडे घरं लांब लांब. एका घरातून हाक मारली तर दुसऱ्या घरापर्यंत पोचत नाही, मधे जंगल गिळून टाकतं. रस्ता नाही, तारा नाहीत, आणि पाऊस तर विचारूच नका, तो कधी थांबला हे लक्षात राहतं, कधी सुरू झाला हे नाही. अशा ओलीत घरातली चूल विझू देऊन चालतच नाही. रात्री झडप लावून निखारे राखायचे, सकाळी फुंकून पुन्हा जागे करायचे. आणि सकाळी उठलं की स्वतःच्या चुलीआधी शेजाऱ्याच्या धुराड्याकडे बघायचं. प्रत्येक घराचा धूर कोणाच्या ना कोणाच्या जिम्म्याला असतो. दुपारी बारापर्यंत धूर दिसला नाही, तर विचार करत बसायचं नाही, निघायचं. नदी आडवी आली तर शाळेत जायचं. शाळेत बिनतारी यंत्र आहे, बाई खालच्या ठाण्यावर कळवतात आणि हवा बरी असली तर हेलिकॉप्टर येतं. गावाला जायचं असेल तर फाटकावर पिठाचं पांढरं पोतं टांगून जायचं, म्हणजे कोणाच्या जिवाला उगाच घोर नको. म्हातारा नावेलकिन असाच वाचला. छातीत कळ येऊन पडला होता, धूर थांबला, संध्याकाळच्या आत तो दवाखान्यात. परत आल्यावर उपकार मानणं दूरच, हेलिकॉप्टरच्या वाऱ्यानं कोंबड्या उडाल्या म्हणून वर्षभर भांडत होता.

आणि एक. धुराबद्दल खोटं बोलायचं नाही. एका पोरानं एकदा फुकटात शहर गाठायला मिळावं म्हणून मावशीच्या घरावर धूर नाही अशी थाप मारली होती. दोन वर्षं त्याला कोणी रामराम घातला नाही, शेवटी तो खोरं सोडून गेला. कारण एकदा खोटं निघालं की दुसऱ्या वेळी कोणी धावणार नाही. एवढं साधं आहे ते.

सेलेदोनियोच्या जिम्म्याला धूर होता तो त्याच्या बहिणीचा. ओतिलिया त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा, म्हणजे तेरा वर्षांच्या पोरीनं चार वर्षांच्या पोराला वाढवलं. लग्न केलं नाही. पलीकडच्या काठावर बापाच्या घरात ती एकटी राहायची. बारा मेंढ्या, सफरचंदाची झाडं आणि जिभेवर धार. तिच्या चुलीला हात लावायची कोणाची टाप नव्हती. दोन वर्षं वाळवलेलं लूमाचं लाकूड, त्याशिवाय दुसरं तिच्या चुलीत जायचं नाही. त्यामुळे तिचा धूरही तिच्यासारखाच, बारीक, सरळ, फिक्कट. शंभर धुरांत ओळखू यावा.

त्या वर्षी हिवाळ्यात एक झाड पडून नदीपार माणसं नेणारा तारेचा पाळणा तुटला होता. नवी तार येणार, येणार म्हणता म्हणता उन्हाळा आला, तार आली नाही. राहिली फक्त होडी.

फेब्रुवारीत, म्हणजे आमच्या ऐन उन्हाळ्यात, राद्का आणि इव्हो आले. चेक होती दोघं, तिशीच्या आतली, मोडकीतोडकी आमची भाषा बोलणारी. सोमवारी सेलेदोनियोनं त्यांना पलीकडे नेलं. घोडे ओतिलियाच्याच कुरणात असतात. तिथून सामान लादून मंगळवारी दुपारी त्यांना राईत सोडलं, तंबू कुठे ठोकायचा ते दाखवलं, आणि दम भरला.

"इथे विस्तव करायचा नाही. काडीसुद्धा ओढायची नाही. ही झाडं तुमच्या आजोबांच्या आजोबांहून म्हातारी आहेत."

"नाही, काका," राद्का म्हणाली. "आमच्याकडे छोटी गॅसची चूल."

"आणि पाऊस फार वाढला तर शहाणपणा नको. खाली माझ्या बहिणीकडे यायचं. ती शिव्या देईल, पण जेवायलाही देईल."

परतताना तो ओतिलियाकडे माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा काढा, प्यायला थांबला. दोघं एकाच नळीनं आळीपाळीनं ओढत बसली. ती म्हणाली, "सेलो, टोपीला बुरशी आलीय तुझ्या." तो म्हणाला, "ओती, या हिवाळ्यात तू आमच्याकडे राहायला ये. सत्तर झाली तुला." त्यावर ती म्हणाली, "तुझ्या बायकोच्या हातची भाकरी खाऊन? त्यापेक्षा नदीत उडी घेईन." एवढंच बोलणं झालं. तो हसत होडीत बसला.

त्याच रात्री पाऊस लागला. आमच्याकडे थंड पावसाची भीती नसते, कोमट पावसाची असते. कोमट पाऊस वरचं बर्फ घेऊन खाली येतो. बुधवारी नदीनं रंग बदलला, गुरुवारी पहाटे ती काठावर चढली. मुळासकट उपटलेले कोइवे वृक्ष पाण्यातून येत होते आणि दगडांवर आदळून तोफ सुटल्यासारखा आवाज करत होते. बोललेलं अंगणात ऐकू येईना.

गुरुवारी सकाळी सेलेदोनियो अंगणात उभा राहून पलीकडे बघत होता. ओतिलियाच्या धुराड्यातून जेमतेम रेघ निघत होती. नऊला ती आणखी बारीक झाली. अकराला काहीच दिसेना.

"पाऊस आहे, दिसत नसेल," रोसाल्बा दारातून ओरडली.

"पावसात धूर जास्त दिसतो, कमी नाही," तो म्हणाला आणि बूट घालायला बसला. शाळा दीड तासाच्या वाटेवर. बारा वाजायची वाट बघायची नाही असं त्यानं ठरवलं होतं. एक बूट घातला, दुसऱ्याची नाडी बांधली, काठी घेतली, फाटकापाशी गेला, आणि सवयीनं एकदा मागे वळून बघितलं. साडेअकरा वाजले होते. ओतिलियाच्या धुराड्यातून भसकन धूर निघाला. चांगला जाड, पांढरा.

"उठली बाईसाहेब!" तो म्हणाला. तो फाटकाला टेकला आणि मग स्वतःलाच हसला. घरात येऊन त्यानं बूट काढले.

शुक्रवारी पलीकडच्या काठावर काहीतरी नारिंगी हलताना दिसलं. दोन माणसं, इथून बोटाएवढी, आणि हातात कापड. तंबूचं असावं. दोघं ते वर-खाली हलवत होती.

"आली वाटतं खाली," सेलेदोनियो म्हणाला. त्याला बरंच वाटलं. पोरं सुखरूप उतरली, आणि ओतीला सोबतही झाली. त्यानं दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली. आमच्याकडे त्याचा अर्थ, नदी चढलीय, होडी सुटणार नाही, थांबा. ती पोरं आणखी जोरात कापड हलवू लागली. हा पुन्हा फुली करी, ती पुन्हा कापड हलवत. असं दहा मिनिटं चाललं.

"काय म्हणतात?" रोसाल्बानं विचारलं.

"काय म्हणणार! ही जंगलात फिरणारी पोरं सगळ्यालाच हात करतात. झाड दिसलं तरी हात करतात. घाई झाली असेल, विमान चुकतंय म्हणून. मी काय करू? नदीला सांगू का, बाई गं, चेक पाहुणे खोळंबलेत, जरा बाजूला हो?"

शनिवारी मात्र त्याचं मन लागेना. धूर होता, पण धूर बरोबर नव्हता. जाड, पिवळसर, खाली लोळणारा. ओल्या लाकडाचा. आणि पहाटे उठून पाहिलं तर तेव्हाही तसाच, म्हणजे रात्रभर कोणीतरी झडप उघडी ठेवून चूल पेटवत होतं. ओतिलिया रात्री कधी चूल पेटवत नाही. चाळीस वर्षांत नाही.

"ती पोरं घालत असतील लाकूड," तो म्हणाला.

रोसाल्बा कणीक मळत होती, ती थांबली. "ओतिलिया? दुसऱ्याला चुलीत लाकूड घालू देईल? मी एकदा नुसता चिमटा उचलला म्हणून मला हाकललं होतं तिनं."

"थकली असेल. पाहुण्यांसमोर मवाळ झाली असेल."

"ओतिलिया?"

तो बाहेर गेला. बाहेर जाऊन करणार काय? नदीकडे बघणार. त्या आठवड्यात त्यानं नदीकडे जेवढं बघितलं तेवढं आयुष्यात बायकोकडे बघितलं नसेल, असं रोसाल्बा नंतर म्हणायची, आणि तिला त्यात हसू येत नसे.

रविवारी सकाळी ढग फाटले. सूर्य आला. पाऊस थांबला तरी नदी तीन-चार दिवस ऐकत नाही, पण हेलिकॉप्टर उडतं. सेलेदोनियोनं बूट घातले आणि तडक शाळा गाठली.

फिलोमेना बाई शाळेच्या पायरीवर बटाटे सोलत होत्या. बिनतारीच्या खोलीचं दार उघडं होतं.

"बाई, ओतीसाठी हेलिकॉप्टर बोलवा."

"अगं बाई! धूर नाही?"

"आहे."

बाईंनी सुरी खाली ठेवली. "मग?"

"ओला आहे. लूमाचा नाही. आणि रात्रभर असतो."

"सेलेदोनियो, मी ठाण्यावर काय सांगू? म्हातारी आहे, चूल पेटलेली आहे, सोबत दोन तरुण माणसं आहेत, पण भावाला लाकूड पसंत नाही?"

"ती पोरं कापड हलवत होती."

"शुक्रवारपासून सगळ्या खोऱ्यांत सगळेच काही ना काही हलवताहेत. अहो, नदी सगळीकडेच चढलीय." बाई उठल्या, त्याच्याजवळ आल्या. वाईट नव्हत्या हो बाई, पण त्यांच्यासमोरही एकच हेलिकॉप्टर होतं. "वरच्या खोऱ्यात एक बाई दोन दिवस अडलीय. मूल आडवं आहे. आत्ता थोड्या वेळात हेलिकॉप्टर तिच्यासाठी निघेल. इकडे वळवलं तर तिकडे आज जाणार नाही. ठाणेदार मला पहिला प्रश्न काय विचारेल, सांगा."

"धूर आहे का."

"हां."

तो पायरीवर बसला. टोपी काढली. बाईंनी नंतर सांगितलं की त्याचं डोकं त्यांनी तेव्हा पहिल्यांदा बघितलं, अगदी गोरंपान, लहान मुलासारखं.

"बाई, समजा मी म्हणालो, धूर नाही."

बाई आत गेल्या आणि यंत्रासमोर बसल्या. हात बटणावर ठेवला. "तुम्ही म्हणालात तर मी कळवते. मी काही बघायला येणार नाही. म्हणता का?"

तो बोलायला गेला.  त्या अडलेल्या बाईचं नावसुद्धा त्याला माहीत नव्हतं. तिचं पोर आणि त्याच्या बहिणीचं ओलं लाकूड, दोन्ही एका तराजूत, आणि तराजू ह्याच्या हातात. आणि वर ते धुराचं. धुराबद्दल खोटं बोलायचं नाही, हे त्याला कोणी शिकवलं होतं? ओतीनंच. कान धरून.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "धूर आहे."

परतीच्या वाटेवर अर्ध्यात असताना हेलिकॉप्टर त्याच्या डोक्यावरून गेलं. झाडांमधून त्याचं पोट दिसलं. तो वाटेत उभा राहून आवाज विरेपर्यंत ऐकत राहिला. आपण चुकलो की बरोबर, हे सांगायला तिथे कोणी नव्हतं.

त्या संध्याकाळी पलीकडून दिवा चमकत होता. तीनदा पटकन, तीनदा लांबवून, पुन्हा तीनदा पटकन. "हे परदेशी गिरिंगो दिव्याशी खेळताहेत," शेजारच्या मान्सियाचा थोरला म्हणाला, तो मीठ मागायला आला होता. सेलेदोनियोनं त्याच्याकडे असं बघितलं की तो मीठ न घेताच गेला.

सोमवारी त्यानं होडी सोडली. रोसाल्बा रडली, ओरडली, शेवटी म्हणाली, "मरायचंच असेल तर कमरेला दोर बांधून मर, निदान प्रेत तरी मिळेल." दोर बांधला. दुसरं टोक तिनं खांबाला तीन वेढे देऊन हातात धरलं. होडी काठापासून वीस हात गेली असेल नसेल, एक ओंडका आला आणि उजवं वल्हं काडीसारखं मोडून घेऊन गेला. होडी गोल फिरली, उलटली. रोसाल्बानं त्याला ओढून काढलं तेव्हा तिच्या तळहातांची साल निघाली होती. तो काठावर पालथा पडून पाणी ओकत होता, आणि ओकता ओकता पलीकडे बघत होता. नारिंगी कापड होतं. हलत होतं. आणि त्यामागे धूर.

"बघ, धूर आहे," रोसाल्बा त्याची पाठ चोळत म्हणाली. "धूर आहे ना? मग आहे ती. आहे, सेले. असेल."

होडी गेली. आता हात बांधलेलेच. मंगळवार गेला. बुधवारी पाणी उतरायला लागलं, दगड दिसू लागले. बुधवारी दुपारनंतर कापड दिसलं नाही. धूर होता.

गुरुवारी सकाळी मान्सियांची होडी आणून तो पलीकडे गेला. एकटाच गेला. कोणाला बरोबर घ्यायला तयार नव्हता.

राद्का काठावर उभी होती. नऊ दिवसांपूर्वी सोडलेली पोरगी ही नव्हेच. डोळे आत गेलेले, केसांना राख, हातांना लाकडाच्या चिरा. त्याला होडीतून उतरताना बघून तिनं तोंडावर हात ठेवला. त्याला कळायचं ते तिथेच कळलं. पाय चिखलात रुतले होते ते त्यानं काढलेच नाहीत बराच वेळ.

"कधी?" त्यानं विचारलं.

"काल. संध्याकाळ. मी हात धरला होता."

ओतिलिया चुलीजवळच्या बाकावर होती. पोरांनी तिला धुतलं होतं, केस विंचरले होते, चांगली शाल अंगावर घातली होती. चूल अजून जळत होती. घर भट्टीसारखं तापलेलं. इव्हो भिंतीला टेकून उभा होता, हातात कुऱ्हाड तशीच. सेलेदोनियो बाकापाशी गुडघ्यावर बसला आणि बहिणीच्या कपाळावर कपाळ टेकून रडला. लाज न बाळगता, मोठ्यानं. चार वर्षांचा असताना आईसाठी रडला नव्हता तेवढा. तेव्हा ओती होती.

मग राद्का सांगू लागली. तिची भाषा तुटत होती, शब्द सापडले नाहीत की ती हातांनी दाखवत होती.

"गुरुवारी आम्ही खाली आलो. पाऊस खूप, तंबूत पाणी. आजी बाहेर पडली होती, लाकडांजवळ. पहाटेपासून. इथे," तिनं स्वतःचं कमरेचं हाड दाखवलं, "मोडलं होतं. अंग बर्फ. आम्ही आत आणलं. चूल विझत होती. इव्होनं पटकन पेटवली. साडेअकरा वाजता."

"साडेअकरा," सेलेदोनियो म्हणाला.

"हो. नंतर ताप आला. छातीत आवाज. इव्हो वर गेला, दुसऱ्या वाटेनं, मदत आणायला. पण ओढ्याला पाणी, परत आला. मग आम्ही तुम्हाला कापड दाखवलं. रोज. तुम्ही हात असे केले." तिनं डोक्यावर फुली केली. "आम्हाला वाटलं, तुम्हाला कळलं, तुम्ही मदत आणताय."

त्यानं बहिणीच्या अंगावरची शाल नीट केली.

"वाळलेलं लाकूड दोन दिवसांत संपलं. मग ओलं. इव्होचे हात बघा. पण आम्ही विझू नाही दिली, काका. एक क्षण नाही. रात्री मी, दिवसा तो. थंडीनं मरू नये म्हणून." तिनं चुलीकडे बघितलं. "फक्त आजीच म्हणायची, विझवा. पहिल्या दिवसापासून. चुलीकडे बोट, मग खिडकीकडे, तुमच्या घराकडे बोट. विझवा, विझवा, सेलो, सेलो. खूप बोलायची, भराभर. बाकी आम्हाला समजायचं नाही. 'विझवा' समजायचं. पण कसं विझवणार? अंग थरथरत होतं तिचं."

इव्होनं जमिनीकडे बघत म्हटलं, "शनिवारी ती सरपटली. त्या पायानं. किटली घेतली, चुलीत पाणी ओतायला. मी हातातून काढून घेतली. वर फळीवर ठेवली. तिनं मला चावलं." त्यानं मनगट पुढे केलं. दातांच्या खुणा निळ्या होत्या.

"नंतर ती नाही बोलली," राद्का म्हणाली. "नुसती रडायची. खिडकीकडे बघून."

सेलेदोनियो उठला. खिडकीपाशी गेला. तिथून त्याचं अंगण दिसत होतं, फाटकसुद्धा. गेल्या गुरुवारी तो त्या फाटकाशी उभा होता, पायांत बूट, हातात काठी. ही पोरं राईतून एक तास उशिरा निघाली असती, तर तोवर तो वाटेला लागलेला असता. तो शाळेत पोचला असता. रविवारी सकाळी, सूर्य आल्या आल्या, किंवा त्याच्याही आधी, ढगांत फट दिसली की, कोणीतरी या अंगणात उतरलं असतं. आणि त्या अडलेल्या बाईचंही झालं असतं काही. ठाणेदारानं दोन्ही केलं असतं. धूर नसला की ते करतातच.

ओतीला हे सगळं माहीत होतं. मोडलेलं हाड घेऊन, त्या बाकावर पडून, सात दिवस तिला माहीत होतं.

"तापात असं होतं ना, काका?" राद्का मागून विचारत होती. आठ दिवसांचं जागरण तिच्या आवाजात होतं. "थंडी असते आणि माणसाला वाटतं खूप गरम. म्हणून ती विझवा म्हणत होती. हो ना? इव्हो म्हणतो, आपण काहीतरी चुकलो. तुम्ही सांगा त्याला. तो तीन दिवस तेच म्हणतोय."

बाहेर मेंढ्या ओरडत होत्या. आठ दिवस त्यांना कोणी बघितलं नव्हतं.

सेलेदोनियो वळला. इव्होकडे बघितलं, त्याच्या सोललेल्या हातांकडे, मनगटाकडे. मग त्या पोरीकडे. आमच्या खोऱ्यात धुराबद्दल कोणी खोटं बोलत नाही, आणि हा माणूस तर रविवारी एवढं सगळं समोर दिसत असतानाही खोटं बोलला नव्हता.

"तापच तो, पोरी," तो म्हणाला. "तापात माणूस काहीही बरळतं. तुम्ही नसतात तर माझी बहीण अंगणात गारठून एकटी मेली असती. तुम्ही केलंत ते बरोबर केलंत."

राद्का त्याच्या खांद्यावर पडून रडू लागली. इव्होनं कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि पहिल्यांदा खाली बसला. सेलेदोनियो त्या पोरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, आणि तिच्या डोक्यावरून पलीकडे, बाकावरच्या ओतीकडे बघायची त्याची हिंमत होईना.